चार बोटांचं जाळं

मी ग्रामसेविका म्हणून रुजू झाले तेव्हा मला पोहता येत नव्हतं, आणि माझ्या ग्रामपंचायतीची निम्मी हद्द पाण्याखाली होती.

मी अकोल्याची. आमच्या घरी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. पिंप, हंडे, बादल्या भरून ठेवायच्या आणि वापरायच्या, यापलीकडे पाण्याचा आणि आमचा संबंध नव्हता. आई-वडील दोघेही शाळेत शिक्षक. मुलगी सरकारी नोकरीत लागली म्हणून वडिलांनी आमच्या विहारात जाऊन पेढे वाटले. नेमणुकीचं गाव परतवाड्याहून एसटीनं तासाभराच्या अंतरावर, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाच्या उत्तरेला डोंगर, आणि डोंगर न् गाव यांच्या मधोमध धरण.

पहिल्याच दिवशी सरपंचबाई मला धरणाच्या भिंतीवर घेऊन गेल्या. पंचेचाळिशीच्या असतील. पदर खोचलेला, आवाज असा की भिंतीच्या दुसऱ्या टोकाची म्हैस वळून पाहील. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून नवऱ्यानं त्यांना उभं केलं होतं. पहिल्या दोन मासिक सभांना तो शेजारी बसून उत्तरं देत होता. तिसऱ्या सभेला त्यांनी त्याला चहा आणायला पाठवलं आणि तो येईपर्यंत सभा आटोपली. तेव्हापासून तो येत नाही, असं त्यांनी मला स्वतः हसत सांगितलं.

"पाहून घ्या मॅडम," त्या म्हणाल्या, "हे आपलं गाव. हे अर्ध वावरं, अन् हे अर्ध पाणी. भांडणं मात्र समदे पाण्याचे."

भांडणं का होती, ते समजायला मला वर्ष लागलं.

ती वर्षं कास्तकाराला वाईट गेली. कापसाला भाव नव्हता, डोंगरालगतच्या संत्र्याच्या बागा सुकत चालल्या होत्या, आणि मालकाचंच भागत नाही तिथे मजुराला काम कोण देणार? मग ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या कधी जाळं नव्हतं, ते लोक पाण्यात उतरले. जाळं कुठून आणायचं? डोंगरालगत हिवतापाचा उपद्रव म्हणून गावोगाव मच्छरदाण्या वाटल्या गेल्या होत्या. चांगल्या, मजबूत, बारीक विणीच्या. दोन मच्छरदाण्या शिवून एक केली, दोन बाजूंना बांबू बांधले, की झालं काम. त्यातून डास जात नव्हता, तर मासा कुठून जाणार? पावसाळ्यात मच्छीमार सोसायटीनं सोडलेली माशांची पिल्लं, ज्यांना आमच्याकडे बोटुकली म्हणतात, ती दिवाळीच्या आत काठावरच्या खडकांवर वाळत पडलेली दिसायची.

काठाचं आणखी वेगळं. पाणी उतरलं की मागे गाळाची काळीभोर जमीन उघडी पडायची. तिथे कोणी हरभरा पेरायचं, कोणी टरबूज लावायचं. पिकावर फवारणी झाली की पंप सरळ धरणात बुचकळून धुवायचे. आणि त्याच पाण्यावर ढोरं यायची, बायका धुणं धुवायच्या, हिवाळ्यात कुठून कुठून बदकं उतरायची.

एका सकाळी नाल्याच्या तोंडाशी मेलेल्या माशांचा पांढरा पट्टाच लागला. मी पोचले तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष गुडघाभर पाण्यात उभे होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. भोई समाजातले, साठीच्या पुढचे, ट्रकच्या ट्यूबवर बसून हातानं पाणी मारत धरणभर फिरणारे. बोलणं अगदी कमी. त्यांनी एक मासा उचलला, त्याचे कल्ले उघडून पाहिले आणि माझ्या हातात दिला.

"लिहा," एवढंच म्हणाले.

मी लिहिलं. तीन कागद केले आणि निघाले. पुढचे दोन महिने मी कार्यालयांच्या पायऱ्या चढले आणि उतरले. एका ठिकाणी सांगितलं, पाणी आमचं आहे, पण मासे आमचे नाहीत. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, मासे आमचे, पण काठ आमचा नाही. तिसऱ्या ठिकाणी एका सद्गृहस्थांनी फार आपुलकीनं विचारलं, "त्यात एखादं बदक मेलंय का? बदक असेल तर आम्ही येऊ." मी म्हटलं, बदक नाही. ते म्हणाले, "मग अवघड आहे." कोणी वाईट वागलं नाही, चहाही पाजला. पण प्रत्येकाच्या कागदावर त्या पाण्याचा एकेक तुकडाच होता, आणि मेलेले मासे नेमके दोन तुकड्यांच्या मधे पडले होते.

शेवटी अमरावतीला मत्स्यव्यवसायाचं काम पाहणारे एक साहेब भेटले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. माझा अर्ज त्यांनी वाचलाच नाही. त्यांनी स्वतःची चार बोटं जोडून माझ्यासमोर धरली.

"तुमच्याकडे जाळ्यात किती बोटं जातात?"

मी म्हटलं, "बोट? सर, सुईसुद्धा जात नाही."

ते मोठ्यानं हसले. मग चष्मा सावरून म्हणाले, "उद्या येतो."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आले. साहेब मूळचे सिंधुदुर्गातले, खाडीकाठच्या एका वाडीतले. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी वऱ्हाडात. बोलायचे शुद्ध पुस्तकी, पण मनातलं काही बोलायचं झालं की मालवणी यायची. धरणाच्या काठावर मच्छरदाण्या वाळत घातलेल्या पाहून ते तिथेच थांबले आणि म्हणाले, "एकट्या सरकारान काय होवचा नाय. आणि एकट्या गावानय काय होवचा नाय."

सरपंचबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणून राहिले हे?"

मी म्हटलं, "दोघांनी मिळून करावं लागेल म्हणतात."

"मंग असं सरळ म्हणा ना वो साहेब!"

साहेबांनीच कल्पना काढली. पंचायतीच्या लोकांना अभ्यासदौऱ्याला नेण्याची सोय असायची. लोक कुठे तरी स्वच्छ गटारी पाहायला जायचे आणि येताना देवदर्शन करून यायचे. साहेब म्हणाले, माझ्या वाडीत चला. आमच्या खाडीचीही अशीच वाट लागली होती, ती कशी सावरली ते त्या बायकांच्याच तोंडून ऐका.

पंचायत समितीत माझा प्रस्ताव पाहून सगळे हसले. "धरणाचे लोक समुद्रावर जाऊन काय शिकणार?" मी म्हटलं, "सर, गटारी आमच्या गावात नाहीतच." काय पटलं कोणास ठाऊक, पण सही झाली.

आम्ही अकरा जण निघालो. सरपंचबाई, काका, सोसायटीची माणसं, काठावर टरबूज लावणारे दोघे, मी आणि साहेब. आणि अगदी शेवटच्या क्षणी, स्वतःचं तिकीट काढून, अचलपूरचे चाचा. चाचा म्हणजे मासळीचे व्यापारी. आमच्या धरणाचा मासा, लहान असो वा मोठा, त्यांच्याच टोपल्यांतून परतवाड्याच्या बाजारात जायचा. त्यामुळे दौऱ्याचा खरा रोख आपल्यावर आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

"देखो मॅडम," गाडीत बसल्या बसल्या त्यांनी मला बजावलं, "मी व्यापारी आदमी. लोक आणतीन ते घीन. माह्या काही कसूर नाही."

"चाचा, मी काही म्हटलं का?"

"नाही. पन तुमी म्हननार आहा."

बडनेऱ्याहून रेल्वे, मग पनवेलला उतरून कोकणची गाडी. सोबत ज्वारीच्या भाकरी, कोरडा झुणका आणि सरपंचबाईंच्या हातचा मिरचीचा ठेचा. बोगदे लागायला लागले तसे टरबूजवाले दोघे प्रत्येक बोगद्यात मोठ्यानं आरोळी द्यायचे. तिसऱ्या बोगद्यापासून डब्यातली कोकणी माणसंही त्यांना साथ देऊ लागली.

समुद्र आमच्यापैकी आठ जणांनी कधी पाहिला नव्हता. साहेबांनी आधी तिकडेच नेलं. सुरूच्या झाडांमधून आम्ही बाहेर आलो आणि समोर ते अफाट पाणी. काकांनी चप्पल काढून हातात घेतली. सरपंचबाई मात्र तडक पुढे गेल्या, लाटेत उभ्या राहिल्या, ओंजळभर पाणी घेऊन तोंडात घातलं आणि तिथूनच ओरडल्या, "मायबाई! हे तं माह्या माहेरचं पाणी हाये!"

त्यांचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरींना असंच खारट पाणी. लहानपणी त्या पाण्यात डाळ शिजत नव्हती, साबणाला फेस येत नव्हता. इतक्या दूर येऊन ती चव भेटली म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या हसतही होत्या. आम्हीही हसलो. चाचांनी चव पाहिली, थुंकले आणि म्हणाले, "या अल्ला, तुमी लहानपनी हे पेत होत्या? तरीच तुमचा आवाज एवढा."

दुसऱ्या दिवशी खाडी. साहेबांच्या वाडीतल्या एक बाई आम्हाला घेऊन होडीतून निघाल्या. पन्नाशीच्या, काटक, कासोटा घातलेल्या. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मधल्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यातली मासळी, वेचणं हे त्यांच्या वाडीतल्या बायकांचं काम. होडी तिथे लावून आम्ही चिखलात उतरलो. त्यांनी पायानंच चिखल चाचपला, वाकल्या, आणि मूठभर तिसऱ्या काढून बांबूच्या टोपलीत टाकल्या. मग टोपली पाण्यात धरून हलवली. टोपलीची वीण रुंद होती. बारक्या तिसऱ्या खाली गळून परत चिखलात गेल्या.

"बारकी माघारी जातली," त्या म्हणाल्या. "ती आमची फुडल्या वर्साची."

काका तोवर मागे उभे होते. ते पुढे झाले, त्यांनी ती टोपली हातात घेतली आणि तिच्या फटींतून आपली बोटं घालून पाहिली. एकेका फटीतून. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नीट सांगू शकणार नाही. आपल्यासारखंच काम करणारं माणूस परक्या मुलखात भेटलं की होतं तसं काहीतरी.

मग प्रश्न सुरू झाले. बाई मालवणीत सांगायच्या, साहेब ते पुस्तकी मराठीत करायचे, सरपंचबाई त्याचं वऱ्हाडी करून मागच्यांना ओरडून सांगायच्या, आणि चाचा सगळ्यात शेवटी हिंदीतून त्यावर शेरा मारायचे.

"इथं पाह्यते कोण?" सरपंचबाईंनी विचारलं. "कोणी बारीक उचललं तं?"

"कोण बघता? आमीच बघतव."

"अन् सरकार?"

बाई हसल्या. त्यांनी जे सांगितलं ते असं. आधी वरून हुकूम आला. कांदळवन तोडू नये, अमुक महिन्यांत मासळी धरू नये. खाडीच्या काठावर पाटी लागली. "आमी त्येच्यार कपडे सुकत घातले," त्या म्हणाल्या. मग तिसऱ्या कमी झाल्या. इतक्या, की दिवसभर वाकून एक वाटी भरेना. तेव्हा वाडीतल्या बायकांनी एकत्र बसून स्वतःच नियम केला. पण त्यांनी हात आवरला तोच दुसरीकडच्या होड्या आल्या आणि सगळं खरवडून घेऊन गेल्या. बायका भांडल्या, पण होडीवाले म्हणाले, खाडी काय तुमच्या बापाची? मग त्या ग्रामपंचायतीत गेल्या, तिथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. बाहेरच्या होड्या अडवायला सरकारची गस्त, आणि घरच्यांना अडवायला घरच्या बायका, असं ठरलं.

"भायरच्यांका सरकार बघता, घरच्यांका आमी," त्या म्हणाल्या. "दोनय हात लागले तेव्हा कुठे जमला."

हे बोलणं इतकं रंगलं की होडीकडे कोणाचंच लक्ष राहिलं नाही. वळून पाहिलं तर होडी चिखलात आडवी पडलेली, आणि पाणी कुठच्या कुठे गेलेलं. ओहोटी काय असते हे आम्ही पुस्तकात वाचलं असेल, पण डोळ्यांदेखत एवढं पाणी नाहीसं होताना कोण पाहणार? सरपंचबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता वं बाई! गेट उघडलं काय कोणी?"

कोकणातल्या बाई हसून हसून चिखलातच बसल्या. पाणी परत येईपर्यंत दोन-अडीच तास आम्ही त्या चिखलाच्या बेटावर होतो. भाकरी सोडल्या, ठेचा निघाला. बाईंनी बोटभर ठेचा चाखला आणि त्यांचं नाक लाल झालं. पण त्यांनी दुसऱ्यांदा मागितला. परतताना वल्हं काकांनी हातात घेतलं. जन्मभर ट्यूबवर बसलेला माणूस, पण भरतीच्या पाण्यात होडी अशी सरळ नेली की काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचांना मात्र होडी लागली. ते डोळे मिटून "जमीन आली काय? जमीन आली काय?" विचारत होते.

चाचांचा अभ्यास तिसऱ्या दिवशी झाला, तालुक्याच्या बाजारात. ते एका मासळीच्या बैठकीसमोर तासभर उकिडवे बसून राहिले. गिऱ्हाईक येई, तिसऱ्यांच्या वाट्यात, म्हणजे विकायला मांडलेल्या ढिगात, हात घाली, बारक्या दिसल्या की वाटा सरकवून पुढे जाई. विकणारी बाई निमूटपणे बारक्या बाजूला काढी. चाचा सगळं पाहत होते. परतीच्या गाडीत ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, एक बात सांगू? मी बारीक मासा घेतलाच नाही, तं कोनी पकडनच नाही."

मी त्यांच्याकडे पाहून हसले.

"आता म्हना ना," चाचा म्हणाले, "जे म्हननार होत्या ते."

"चाचा, तुम्हीच म्हटलंत की."

गावी आल्यावर ग्रामसभा ठेवली. नियम मांडले. ज्या जाळ्याच्या फटीतून चार बोटं जात नाहीत ते जाळं पाण्यात नाही. पावसाळ्यात मासा नाल्याकडे चढतो तेव्हा मासेमारी बंद. नाल्याच्या तोंडाचा कोपरा बारा महिने मोकळा, माशांसाठी आणि बदकांसाठी. फवारणीचे पंप धरणात धुवायचे नाहीत, त्यासाठी काठापासून लांब एक टाकं बांधायचं.

मला वाटलं होतं, लोक टाळ्या वाजवतील. एक पंचविशीचा मजूर उभा राहिला. दोन वर्षांपासून तो मच्छरदाणी घेऊन पाण्यात जात होता, मला माहीत होतं. तो म्हणाला, "ठेवतो मच्छरदाणी घरी. मंग खाऊ काय? वावरात काम नाही. सोसायटी मले आत घेत नाही, कावून की माह्या जातीत कोणी जाळं टाकलं नाही. तुमी समुद्र पाहून आले, चांगलं झालं. मले सांगा, मी कोठी जाऊ?"

मग सोसायटीच्या लोकांनी कलकलाट केला. हे आमच्या बापजाद्यांचं पाणी, आम्ही माशांचं बीज सोडतो, उद्या म्हणाल सगळं गाव आत घ्या. मी टेबलावर हात आपटून थकले. सरपंचबाईंचासुद्धा आवाज पोचेना.

तेव्हा काका उठले. ते सभेत कधी बोलत नसत, म्हणून आपोआप शांत झालं.

"धरण झालं तवा आमची नदी गेली," ते म्हणाले. "पाण्याचा ठेका बाहेरच्या माणसाले भेटला. माह्या बाप अन् मी, आमी आठ वर्सं आपल्याच पाण्यात चोरावानी जाळं टाकलं. अंधारात नाही, भर उजेडात, अन् ठेकेदाराचा माणूस दिसला की पळाचं. मंग सोसायटी झाली तवा माणसात आलो." त्यांनी त्या तरुणाकडे पाहिलं. "थे दिवस मले याद हायेत. याले आत घ्या. जाळं मी शिकवीन. पण चार बोटाचं."

कोणी हात वर करा म्हटलं नाही, तरी हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. त्या दिवशी मी इतिवृत्त लिहिताना माझं अक्षर बिघडलं होतं. मला रडू येत होतं आणि मला ते कोणाला दिसू द्यायचं नव्हतं.

पण धरणाला चार गावं लागतात. आम्ही नियम केला आणि पलीकडच्या काठावरून लोक मच्छरदाण्या घेऊन खुशाल उतरू लागले. खाडीतल्या बाईंचे होडीवालेच आमच्याकडे आले जणू. यावेळी मात्र घाबरलो नाही, कारण पुढचं पाऊल आम्हाला माहीत होतं. सरपंचबाई बाकीच्या तीन सरपंचांच्या घरी स्वतः गेल्या. साहेबांनी अमरावतीहून एकेका कार्यालयाला गाठून सगळ्यांना एकाच दिवशी धरणावर बोलावलं. भिंतीजवळच्या कडुनिंबाखाली सतरंज्या टाकल्या. पाण्याचे अधिकारी आले, माशांचे आले, जमिनीचे आले, बदकांचेही आले. प्रत्येकानं आपापला नकाशा उलगडला. पाणी एकच, पण एकाही नकाशातला काठ दुसऱ्याशी जुळेना. एकात तर आमचा नाला वाहायचाच विसरला होता.

काकांनी एक काटकी घेतली आणि ओल्या मातीत धरण काढलं. पाणी भरल्यावर कुठपर्यंत येतं, उन्हाळ्यात कुठपर्यंत उतरतं, मासा कुठे अंडी घालतो, बदकं कुठे बसतात. सगळे साहेब लोक पँट सावरत उकिडवे बसले आणि त्या मातीतल्या नकाशावर बोट ठेवून बोलू लागले. त्या एका दुपारी जेवढं ठरलं तेवढं माझ्या दोन महिन्यांच्या पायपिटीत ठरलं नव्हतं. नाल्याचा कोपरा मासेमारीतून वगळला, जाळ्याचा नियम सोसायटीच्या करारात लिहिला, बाहेरच्यांना अडवायला सोसायटीच्या पहारेकऱ्याला अधिकार मिळाला. लेखी पत्र यायला आणखी सहा महिने लागले, पण ते आलं.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पहिल्याच पावसाळ्यात एक जण मच्छरदाणीसह सापडला, आणि तो निघाला सरपंचबाईंचा सख्खा दीर. गावाचे कान टवकारले. बाईंनी त्याला चावडीवर बोलावलं. शिक्षा आधीच ठरलेली होती. धरणाच्या काठानं बेशरमची झुडपं माजली होती, ती दोन दिवस उपटायची.

"वहिनी, लोक हसतीन ना वो," दीर गयावया करू लागला.

"हसू दे. बेशरम उपटाले शरम कायची?"

लोक हसले. तोही हसला शेवटी, आणि दोन दिवसांत त्यानं बराच काठ साफ केला. त्यानंतर तिघे-चौघे सापडले, मग सापडणंच कमी झालं. चाचांनी शब्द पाळला. परतवाड्याच्या बाजारात त्यांनी वीतभराखालचा मासा ठेवणं बंद केलं, आणि दुसरा एक व्यापारी ठेवतो म्हणून त्याच्याशी रोज भांडून शेवटी त्यालाही बंद करायला लावलं. तिसऱ्या वर्षी काकांच्या जाळ्यात असा कतला मासा आला की दोघांना उचलावा लागला. तो पंचविशीचा मजूर आता तरबेज झाला होता. त्या कतल्याची शेपटी त्यानंच धरली होती.

साहेब निवृत्त झाले तेव्हा गावानं त्यांचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की आज मी वऱ्हाडीत बोलणार. "मले लय आनंद होऊन राहिला," त्यांनी सुरुवात केली, आणि पुढचं काही आठवेना. "मले... मले..." सरपंचबाईंनी खालून सांगितलं, "मले जावंसं नाही वाटून राहिलं!" साहेब म्हणाले, "ताच ता!" आणि मग अख्खं भाषण मालवणीत केलं. निम्मं कोणाला कळलं नाही, टाळ्या मात्र पूर्ण पडल्या.

पाच वर्षांनी माझी बदली झाली. आपसातल्या बदलीनं मला माझा अकोला जिल्हा मिळाला, हिवरखेडकडचं एक गाव. निघायच्या दिवशी एसटीत बसले, कंडक्टरनं घंटी दिली, तेवढ्यात सरपंचबाई रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभ्या राहिल्या. त्या आता सरपंच नव्हत्या, जागेचं आरक्षण बदललं होतं, पण सगळे त्यांना सरपंचबाईच म्हणत. त्यांच्या काखेत ग्रामसभेचं रजिस्टर होतं.

"मॅडम, सही राह्यली तुमची! यंदाच्या बंदीचा ठराव! सहीबिगर काय कामाचा थो?"

पावसाळ्यातल्या बंदीचा ठराव दर वर्षी नव्यानं करायचा, असं आमचं ठरलं होतं. आदल्याच आठवड्यात तो झाला होता, आणि निरोपाच्या गडबडीत मी खरंच सही विसरले होते. खिडकीतून रजिस्टर आत आलं. ड्रायव्हरनं गाडी बंद केली. समोरच्या बाकावरचे एक अनोळखी गृहस्थ मान लांब करून वाचू लागले.

"नाल्याच्या तोंडाशी बंदी?" ते म्हणाले. "कधीपासून?"

"पाऊस लागला की," मी म्हटलं.

"आमच्याबी गावात तलाव हाये. थे चार बोटं म्हणजे कोणत्या बाजूनं मोजाचे, उभे का आडवे?"

मी सही केली, रजिस्टर बाहेर दिलं आणि सरपंचबाईंचा हात धरला. तो सोडवत नव्हता. कंडक्टर म्हणाला, "चला आता मॅडम, लेट होऊन राहिलं." गाडी निघाली. ते गृहस्थ हात पुढे करून वाट पाहत होते. मग मी माझी चार बोटं जोडली, त्यांच्यासमोर धरली आणि परतवाडा येईपर्यंत त्यांना सगळं समजावून सांगितलं.